बंद गाडीचे एकेचाळीस किलोमीटर

१

या, जरा जवळ सरकून बसा. दिवसभराचे दमलेले असाल, पाय पसरा, इथे कुणी परकं नाही. आज एका बंद गाडीची गोष्ट ऐकवायची आहे. नऊ वर्षं जिचं इंजिन एकदासुद्धा खोकलं नाही, ती गाडी एकेचाळीस किलोमीटर चालली. कशी चालली, कुणी चालवली, हे ऐकता ऐकता ओळखलंत तर शाबास तुमची. सगळ्या खुणा तुमच्या पुढ्यात मांडल्या जातील, एकही मुठीत झाकून ठेवायची नाही. गोष्टीत खून नाही, दरोडा नाही. पण एका माणसाचं पोट तिच्यावर टांगलेलं होतं, आणि ते पोट काही लहानसहान नव्हतं.

गुरुवारी सकाळी, गाड्या पोचवणाऱ्या एका कंपनीच्या आवारात एक बाई आपली गाडी ताब्यात घ्यायला आली. चाळिशीची असेल. भावंडांत धाकटी, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. तिच्या आईच्या घरून, तीन दिवसांच्या वाटेवरून, वडिलांची जुनी निळी गाडी दुमजली ट्रेलरवर बसून आली होती. धाकटीने दार उघडलं, आत वाकली, रुमालाने मीटरची काच पुसली, आणि बराच वेळ तशीच वाकलेली राहिली. मग सरळ ऑफिसात आली.

"गाडी माझीच आहे," ती म्हणाली, "पण मीटरवरचा आकडा आमचा नाही."

तक्रारींच्या टेबलाशी चौकशीबाई बसल्या होत्या. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. एकतीस वर्षं सगळे त्यांना चौकशीबाईच म्हणत. घोटे सुजत, म्हणून चपला काढून पाय टेबलाखालच्या खोक्यावर ठेवायची सवय. कुणाचा आरसा फुटला, कुणाच्या दारावर ओरखडा आला, की त्यांनी जायचं, बघायचं, विचारायचं आणि लिहायचं. एकतीस वर्षांत एवढे ओरखडे पाहिले होते की अंगावरचे मोजायला सवड झाली नव्हती.

"कसला आकडा?" त्यांनी विचारलं.

"एकसष्ट हजार चारशे तीन. नऊ वर्षांपूर्वी बाबा गाडी चालवत होते, छातीत कळ आली. त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि गेले. मीटर तिथे थांबलं. लोकांनी गाडी ट्रकवर घालून घरी आणली, शेडमध्ये लावली, त्यानंतर कुणी चावी फिरवली नाही. आता मीटरवर चारशे चव्वेचाळीस आहेत."

चौकशीबाईंनी पेन खाली ठेवलं. "गाडी बंद आहे ना?"

"इंजिन जाम, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. बंद म्हणजे बंद."

"मग एकेचाळीस किलोमीटर चालली कशी?"

"ते तुम्ही सांगायचं," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "दुसऱ्या कुणाला आकडा दिसेल. मला तिथे बाबा थांबलेले दिसायचे. त्यांना कुणीतरी ढकलून पुढे नेलंय."

चौकशीबाईंनी फाइलमधून तपासणीचा कागद काढला. गाडी चढवताना ड्रायव्हर तो भरतो. त्यावर ड्रायव्हरच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: घेतली दारातून. मीटर ६१,४०३. म्हणजे चढवताना आकडा बरोबर होता. वाढला तो कंपनीच्या ताब्यात.

आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. त्या ऑफिसात भिंती नावालाच होत्या.

"कोण ड्रायव्हर?" त्यांनी विचारलं, आणि कागदावरचं नाव वाचून मान हलवली. "पोटोबा. बाई, याची ही तिसरी तक्रार. तिसरीला काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. मी सही करतो, तो ट्रेलरवरून उतरतो."

२

पोटोबा चौपन्न वर्षांचा होता. पोट आधी खोलीत यायचं, मागून तो. ट्रेलरच्या केबिनशिवाय त्याला दुसरं घर नव्हतं, दुसरं कसब नव्हतं. आधीच्या दोन तक्रारी फुटकळ होत्या, एकदा उशीर, एकदा शिवी; पण नियमाला वजन कळत नाही, संख्या कळते.

"साहेबांचं म्हणणं असं," चौकशीबाई म्हणाल्या, "की तू वाटेत दुसऱ्याची गाडी चोरून चढवलीस. जागा करायला ही निळी खाली उतरवलीस आणि काही अंतर ट्रेलरच्या मागे बांधून ओढलीस."

पोटोबा हसला. हसताना पोट हललं, डोळे हलले नाहीत. "साहेबांनी कधी ट्रेलर चालवलाय?"

"तू चालवलायस. तू सांग."

"बंद गाडी मी सगळ्यात शेवटी चढवतो, खालच्या मजल्यावर, मागच्या टोकाला. विंचच्या तारेने ओढून. एकदा पट्टे आवळले की पोचेपर्यंत हात लावत नाही. बंद गाडी म्हणजे बाई, आजारी माणूस. सारखी उठबस करायला लावायची नसते."

"मीटर तू स्वतः वाचलंस?"

त्याने कान खाजवला. मग म्हणाला, "नाही. काच धुळीने मढलेली होती. तिथे त्यांच्या आई होत्या. त्यांनी आकडा तोंडपाठ सांगितला, मी लिहिला. बंद गाडीचा आकडा कुठे पळून जाणार? सगळे ड्रायव्हर असंच करतात."

चौकशीबाईंनी मनात गाठ मारली. म्हणजे कागदावरचा आकडा मीटरवरून आलेला नव्हता, आईंच्या तोंडून आला होता.

"आणि घेतलीस दारातूनच?"

"दारातूनच," पोटोबा म्हणाला. पण हे म्हणताना तो त्यांच्याकडे नाही, खोक्यावरच्या त्यांच्या पायांकडे बघत होता.

एकतीस वर्षांत बाई एक गोष्ट शिकल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो असं नाही. पण सवय नसताना खोटं बोलणारा हमखास चुकवतो. पोटोबा खोटं बोलत होता. आणि खोटं होतं ते एवढंच एक वाक्य.

३

दुपारी त्या आवारात गेल्या. निळी गाडी इथे दोन दिवस उभी होती, आणि आवाराचा राजा म्हणजे मेकॅनिक. त्याला सगळे पान्हा म्हणत. किडकिडीत, लांब, जुनी गाडी दिसली की हात शिवशिवणारा. त्याच्याकडे जीप होती, दोरखंड होता, आणि आगाऊपणाला तोटा नव्हता.

"मावशी, माझ्यावर संशय आहे वाटतं," पान्हा म्हणाला. "मी हात लावला असता तर ही बया चालू होऊन स्वतःच्या पायांनी घरी गेली असती."

"दोरीने ओढून चालू करायचा प्रयत्न केलास का?"

"फाटकाची वही बघा, बाहेर गेलीय का ते. आवाराची एक फेरी दोनशे मीटर. एकेचाळीस किलोमीटर करायचे तर दोनशे पाच फेऱ्या. पहिल्या दहा फेऱ्यांतच वॉचमनला चक्कर आली असती."

हिशेब बरोबर होता. चौकशीबाई जवळच्या टायरवर टेकल्या. "मला एक समजावून सांग. इंजिन मेलेलं असताना मीटर फिरतं कसं?"

"इंजिनाचा काय संबंध? या जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून मीटरला एक तार जाते. मागची चाकं फिरली की तार फिरते. इंजिन जिवंत असो की मेलेलं, चाक फिरलं की आकडा पडतो. देवाच्या दरबारासारखं आहे, मावशी. तुम्ही चालत गेलात की कुणी ओढत नेलं, अंतर लिहिलं जातंच."

"ओढायला किती माणसं लागतात?"

"दोरीने? दोन. एक पुढच्या गाडीत, एक मागच्या गाडीच्या स्टिअरिंगला. नाहीतर पहिल्याच वळणाला खड्ड्यात."

पोटोबा तीन दिवस एकटा होता. बाई उठल्या. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेल्या आणि गुडघे स्टिअरिंगला थडकले. त्या स्वतः काही उंच नव्हत्या. सीट अगदी शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढलेली होती.

"हिच्यात बसवून बघायला हवं आपल्या पोटोबाला," पान्हा म्हणाला. "बूच लावल्यासारखा बसेल, परत निघायचा नाही."

"चढवताना तो आत बसत नाही?"

"छे. बाहेरून खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरतो. त्या पोटाला दुसरा उपाय नाही."

मग बाई गाडीच्या पुढे आल्या आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या. पुढच्या बंपरखाली ओढायची कडी होती. कडीवर गंज होता, पण आतल्या बाजूने घासून चकाकी आलेली होती, आणि तिच्यात हिरव्या दोरीचा तुकडा अडकलेला होता. नायलॉनची बारीक दोरी, तीन ठिकाणी गाठी मारलेली, शेवटचं टोक कापलेलं.

"तुझा दोरखंड कसा आहे?"

"मनगटाएवढा. पांढरा. आणि पोटोबाकडे तर फक्त तार आणि पट्टे. ही सुतळी कुणाची?"

बाईंनी गाठ उलटी केली. गाठीच्या आत, दोरीच्या पदरांमध्ये दबून, काहीतरी पिवळं होतं. त्यांनी नखाने ओढून काढलं आणि तळहातावर ठेवलं.

तो कपड्यांना लावायचा चिमटा होता.

४

शुक्रवारी सकाळी सहा वाजताच त्यांनी गाडी पाठवणाऱ्या घरी फोन लावला. धाकटीच्या थोरल्या भावाने उचलला.

"गाडीला कुणी हात लावलेला नाही," थोरला म्हणाला. "मी दोन दिवस आधी टायरात हवा भरून घेतली, चाकं मोकळी करून घेतली, तुमच्या कंपनीने सांगितलं तसं. त्या दिवशी मी कामावर होतो. ट्रेलर दाराशी आला, घेऊन गेला."

"तुम्ही पाहिलंत?"

"आई होती ना."

"मग आईंशीच बोलते जरा."

"आईला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता, घाईत होता. "तिने आयुष्यात एकदा स्टिअरिंग धरलं, बाबा शिकवत होते तेव्हा, आणि शेजाऱ्यांचं कुंपण पाडलं. त्यानंतर पंचवीस वर्षं शेजारच्या सीटवर गप्प बसली. आता तर डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला त्रास नका देऊ. काय ते मला विचारा. बरं, मला सातला कामावर जायचंय."

फोन ठेवला गेला. चौकशीबाईंनी कागदावर लिहिलं: आईंना विचारा. आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

दुपारी धाकटी आली. वडील गाडीच्या प्रत्येक फेरीचा हिशेब लिहायचे ती छोटी वही तिने पुरावा म्हणून आणली होती; बाईंनी ती मागितली. वहीत तिच्या वडिलांचं अक्षर होतं, मुंग्यांच्या रांगेसारखं. प्रत्येक पानावर तीन रकाने: निघताना, परतल्यावर, कुठे. माणूस शिस्तीचा होता. बाजार, सहा. दवाखाना, अकरा. आणि पानोपानी, आठवड्यातून पाच वेळा एकच नोंद: शाळा, बत्तीस. शाळा, बत्तीस. शाळा, बत्तीस.

"ही शाळा कुणाची?"

"आईची. आई शिक्षिका होती. सकाळी ती बसने जायची, संध्याकाळी बाबा आणायला जायचे. सोळा जायचे, सोळा यायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते."

शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती. निघताना: ६१,३९२. कुठे: शाळा. मधला रकाना कोरा.

"अकरा किलोमीटर गेले होते," धाकटी म्हणाली. "पाच उरले होते."

बाईंनी त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, जणू तापलेल्या तव्याला लागलं असावं.

"घरापासून ट्रेलर उभा राहील असा मोठा रस्ता किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध? ट्रेलर दाराशी आला होता. आणि मी तिथे नसते, नवीन रस्ता कुठून गेलाय मला ठाऊकही नाही."

चौकशीबाईंनी वही मिटली. गाडी दारातून घेतली असं कागदावर होतं, थोरल्याच्या तोंडी होतं, धाकटीच्या तोंडी होतं. आणि त्यातल्या एकानेही ती घेताना पाहिली नव्हती. पाहिली होती ती फक्त पोटोबाने आणि आईंनी.

५

पोटोबा आवाराच्या कोपऱ्यात केबिनच्या पायरीवर बसला होता. सामान बांधून झालं होतं. सामान म्हणजे एक पिशवी आणि एक उशी.

चौकशीबाईंनी त्याच्या शेजारी चिमटा ठेवला. पोटोबाने तो बराच वेळ पाहिला.

"ट्रेलर त्या गल्लीत शिरला नाही," बाई म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

"वाटेत रेल्वेचा ठेंगणा पूल आहे. दुमजली ट्रेलर खालून जात नाही." त्याने नाक पुसलं. "गिऱ्हाइकाने दारापर्यंतचे पैसे भरलेले असतात. दारातून घेतली असं लिहिलं नाही तर ऑफिसला उत्तर द्यावं लागतं. म्हणून सगळे दारातून लिहितात. फोन करून सांगतात, गाडी मोठ्या रस्त्यावर आणून द्या. मीही सांगितलं. खोटं लिहिलं. त्याची शिक्षा द्या, मी नाही म्हणत नाही."

"आणि गाडी मोठ्या रस्त्यावर आणून कुणी दिली?"

पोटोबा पिशवीची गाठ आवळत राहिला.

"अरे, तुझं पोट जातंय. बोल की."

"बाई, शब्द दिलाय." तो खाली बघत म्हणाला. "त्या माणसाने हात धरून सांगितलं, घरी कुणाला कळू देऊ नका. मी म्हटलं, नाही कळणार. आता माझ्यावर आलं म्हणून फिरू? तिसरी तक्रार तर तिसरी. काढा."

चौकशीबाईंना राग आला नाही. राग यायला ताकद लागते. त्यांना फक्त असं वाटलं, की एकतीस वर्षं हजारो कागदांवर खोट्या सह्या बघितल्यावर हा एक बिनसहीचा शब्द कुठे ठेवायचा, याला फाइल नाही.

"मग ते सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "एक वेगळंच विचारते, त्यात शब्द मोडत नाही. त्या घरापासून तू उभा होतास तिथपर्यंत किती किलोमीटर?"

पोटोबाने विचार केला. "पेट्रोलपंपाशी उभा होतो. नऊ. नकाशात बघून त्यांना सांगितलं होतं मीच."

"आणि गाडी यायला किती वेळ लागला?"

"हाच तर वैताग होता. दीड तासात येतो म्हणाले, आले पाच तासांनी. दोरी तुटली म्हणाले."

बाई उठल्या. गुडघे कटकन वाजले. एकेचाळीसातून नऊ गेले.

मंडळी, वजाबाकी तुम्हीही केली असेल. बत्तीस. चौकशीबाई परत ऑफिसात जाऊन खोक्यावर पाय न ठेवताच बसून राहिल्या.

६

थोरला सातला कामावर जातो. शनिवारी त्यांनी बरोबर दहाला फोन लावला. खूप वेळ वाजला. मग एक बारीक, स्पष्ट आवाज आला, फळ्यासमोर आयुष्य काढलेला.

"मुलगा घरी नाही. संध्याकाळी करा."

"मला तुमच्याशीच बोलायचंय, ताई. गाडीच्या कंपनीतून बोलतेय. तुमच्या वाळत घालायच्या दोरीचा एक चिमटा माझ्याकडे आलाय. पिवळा."

पलीकडे म्हाताऱ्या बाईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पोचली का गाडी?"

"पोचली. तुम्ही चालवलीत ती?"

"चालवली कुठे? नुसती धरली. चालवत होता पुढे आमच्या समोरचा भाजीवाला, त्याच्या टेम्पोने. ट्रेलर पुलाखालून येत नाही म्हणाले. थोरला कामावर. दोरखंड कुणाकडे नव्हता, मग अंगणातली दोरी काढली, चौपदरी केली. मागे बसायला माणूस नव्हता. म्हटलं, मी बसते." त्या थांबल्या. "तुम्ही थोरल्याला सांगणार का?"

"आधी मला सांगा. पंप नऊ किलोमीटरवर होता."

"गल्लीच्या तोंडाशी रस्ता फुटतो. उजवीकडे पंप, डावीकडे शाळा. मी खिडकीतून हात काढून भाजीवाल्याला म्हटलं, डावीकडे घे."

"त्याने विचारलं नाही, का म्हणून?"

"नाही. घेतलं डावीकडे."

चौकशीबाईंनी फोन कानाशी धरून ठेवला. समोरच्याला बोलू द्यायचं असेल तर आपण श्वाससुद्धा हळू घ्यायचा असतो.

"त्या दिवशी मी फाटकाशी उभी होते," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "शाळा सुटली, मुलं गेली, शिपायाने कुलूप लावलं. अंधार पडला तरी मी उभी. यांचा कधी पाच मिनिटं उशीर व्हायचा नाही. मग कुणीतरी स्कूटरवर आलं आणि मला मागे बसवून दवाखान्यात नेलं. त्या फाटकापासून घरी अशी मी आलेच नाही, कळलं का? नऊ वर्षं झाली. घरात असते, पण आलेली नाही. आता गाडी जाणारच होती. म्हटलं, एकदा त्या फाटकाशी लागू दे. आणि तिथून मला घरी आणून सोडू दे. मग जाऊ दे कुठे जायची तिथे."

"आणि सोडलं?"

"सोडलं. घराच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबलो. भाजीवाल्याने पाण्याची बाटली दिली. मग निघालो पंपाकडे."

"शाळेच्या वाटेत ती जागा लागली असेल, ते थांबले होते ती."

"लागली. डोळे मिटून घेतले असते, पण स्टिअरिंग हातात असताना मिटणार कसे? उघडेच ठेवावे लागले. बरं झालं."

चौकशीबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "ताई, ड्रायव्हरला तुम्ही आकडा सांगितलात. चारशे तीन."

"मग? तोच आहे. नऊ वर्षं रोज झोपताना म्हणते मी."

"तो वाढलाय."

"कसा वाढेल? इंजिन बंद आहे ना."

"इंजिनाचा संबंध नसतो. चाक फिरलं की आकडा फिरतो. चारशे चव्वेचाळीस झालाय."

पलीकडून तो नवा आकडा हळूच पुटपुटल्याचा आवाज आला.

"म्हणजे ते मोजलं गेलं," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

"मोजलं गेलं. आणि तो आकडा तुमच्या मुलीने पाहिलाय. ड्रायव्हरने वाटेत गाडी ओढली असं सगळ्यांना वाटतंय. आज संध्याकाळी त्याची नोकरी जाते. तुम्हाला दिलेला शब्द मोडायला तो तयार नाही."

"तो जाडा माणूस? अहो, त्याने मला दार उघडून हाताने उतरवलं. पायाखाली दगड होता तो लाथेने बाजूला केला." आवाज फळ्यासमोरचा झाला. "हे मला आधी का नाही विचारलं कुणी? दोन दिवस फोन वाजतोय, थोरला उत्तरं देतोय. मी इथेच बसलेली होते. मुलीचा नंबर द्या मला. नको, पाठ आहे. मी करते तिला."

७

संध्याकाळी साहेब सहीचं पेन घेऊन तयार होते. पोटोबा दारात उभा होता, उशी काखेत. पान्हा उगाचच हवा बघायला म्हणून आला होता. आणि धाकटी आली. डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

चौकशीबाईंनी सगळं थोडक्यात मांडलं. सीट पुढे ओढलेली, म्हणजे धरणारं माणूस लहान चणीचं. दोरीला दोन माणसं लागतात, पोटोबा एकटा. दोरीत चिमटा, म्हणजे दोरी अंगणातली, रस्त्यावरची नव्हे. आवारातून गाडी बाहेर गेली नाही. मग उरलं ते अंतर कागद भरण्याआधीचं.

"आपली चूक कुठे झाली सांगते, साहेब," त्या म्हणाल्या. "आपल्या लेखी प्रवास कागद भरल्यावर सुरू होतो. त्याआधी गाडी जगात नसतेच. आणि बंद गाडीचं मीटर कुणी वाचत नाही, कारण बंद गाडी आपण मेलेली धरतो."

"पण यांची तक्रार?" साहेबांनी धाकटीकडे पाहिलं.

"मागे घेतली," धाकटी म्हणाली. मग पोटोबाकडे वळली. "काका, तुम्ही बोलला असतात तर हे गुरुवारीच मिटलं असतं."

"मिटलं असतं," पोटोबा म्हणाला. "पण तुमच्या आईंना तोंड कसं दाखवलं असतं?"

"तुला परत कधी दिसणार होत्या त्या?" साहेब वैतागून म्हणाले.

चौकशीबाईंनी तपासणीचा कागद पोटोबापुढे सरकवला आणि पेन दिलं. त्याने 'दारातून' हा शब्द खोडला, वर 'पंपाजवळून' लिहिलं, सही केली. साहेबांनी त्याला दोन कडक वाक्यं सुनावली. ती सुनावताना ते स्वतःच जांभई देत होते. तक्रार नाही, तर तिसरी नाही. पोटोबाने उशी परत केबिनमध्ये नेऊन ठेवली.

धाकटीने वही काढली. शेवटचं पान उघडून बाईंच्या टेबलावर ठेवलं. "आई म्हणाली, मधला रकाना भर. मला कळत नाहीये, किती लिहू."

चौकशीबाईंनी चष्मा लावला. "जिथे थांबले होते, तिथून बत्तीस पुढे."

"चारशे पस्तीस." धाकटीने शाईने लिहिलं: ६१,४३५. वडिलांच्या अक्षराशेजारी तिचं अक्षर जरा मोठं आलं. मग खाली नवी ओळ घातली. निघताना ६१,४३५. परतल्यावर ६१,४४४. कुठे, या रकान्यापाशी ती अडली.

"'माझ्याकडे' असं लिहा, तुमच्याकडेच आलीय ना ती," चौकशीबाई म्हणाल्या, आणि सगळे गेल्यावर पाय खोक्यावर ठेवून दिवा न लावता थोडा वेळ बसून राहिल्या.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी एक मागणं आहे. पोटोबा तुमच्या लक्षात राहीलच, त्याला विसरणं त्याच्या आकारामुळेच अवघड आहे. त्या म्हाताऱ्या बाईही राहतील. पण या सगळ्यात एक माणूस होता, जो कुठल्या कागदावर आला नाही, कुणी त्याला फोन केला नाही, त्याची जबानी झाली नाही. आपली भाजी टेम्पोत तशीच सुकत ठेवून, बैलाच्या चालीने, तीनदा तुटलेली दोरी तीनदा जोडून, त्याने एका म्हातारीला एकेचाळीस किलोमीटर ओढत नेलं, आणि डावीकडे का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. मागे बसलेल्याला पुढे ओढणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, पाठ तेवढी दिसते. रात्री हात जोडाल तेव्हा त्या भाजीवाल्याची आठवण ठेवा.